डोकं उघडं आणि कान झाकलेले

प्रश्न : माझी सून टोरांटोला असते. ऐन हिवाळ्यातही ती सकाळी सरोवराकाठी धावायला जाते. मी तिला लोकरीची कानटोपी विणून पाठवली, तर म्हणाली, ‘आई, टोपी नको, हेडबँड हवा. टोपीत डोकं उकळतं.’ उणे दहामध्ये डोकं उकळतं? मग तिनेच पाठवलेल्या अमेरिकन नमुन्याप्रमाणे मी ८ नंबरच्या सुईवर ८४ टाके घालून सबंध सुलट विणीचा दुहेरी पट्टा विणला. विणीत कुठे चूक नाही, पण तो एवढासा झाला. तिच्या डोक्यात कसाबसा जातो आणि धावताना वर सरकून कानांवरून निघतो. शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग डोकं उघडं टाकून नुसते कान झाकण्यात काय शहाणपण? आणि माझा पट्टा चुकला कुठे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पत्र छोटं आहे, पण त्यात चार गाठी आहेत. टोपी का नको, कानच का झाकायचे, पट्टा लहान का झाला आणि तो वर का सरकतो. एकेक सोडवू. त्याआधी दोन गोष्टींबद्दल निश्चिंत राहा. तुमच्या हाताचा काही दोष नाही, आणि सूनबाई नखरेही करत नाहीत.

सगळ्यात जुनी गाठ आधी. निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हे वाक्य जगभर फिरलेलं आहे आणि शिकल्यासवरलेल्यांच्याही तोंडी असतं. त्याचा माग काढत गेलं तर आपण अमेरिकन लष्कराच्या १९७० सालच्या एका मार्गदर्शिकेपाशी पोहोचतो. डोकं उघडं असेल तर ४० ते ४५ टक्के उष्णता तिथून जाते, असं त्यात म्हटलं होतं. यामागे त्याहून जुने लष्करी प्रयोग असल्याचं सांगतात. त्या प्रयोगांत माणसांना कडाक्याच्या थंडीचा जाडजूड पोशाख चढवून थंडीत बसवलं होतं आणि डोकं तेवढं उघडं ठेवलं होतं. बाकी सगळं अंग बंद असल्यावर उष्णता जाणार कुठून? त्याच माणसांना टोपी घालून एक पाय उघडा ठेवला असता, तर पायमोज्यांचं महत्त्व आकाशाला भिडलं असतं. २००८ साली रेचेल व्ह्रीमन आणि आरन कॅरोल या दोन डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अशा लोकप्रिय समजुतींची झाडाझडती घेतली, तीत हीही निकालात निघाली. मोठ्या माणसाच्या त्वचेचा जेमतेम दहावा भाग डोक्यावर असतो आणि उष्णताही साधारण त्याच हिशेबाने जाते.

तान्ह्या बाळाचं मात्र वेगळं आहे. त्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, त्वचेचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या डोक्यावर असतो. त्यामुळे बाळाला टोपरं घालणाऱ्या आज्या पूर्वीही बरोबर होत्या आणि आजही आहेत. तेच टोपरं तीस वर्षांच्या धावणाऱ्या बाईला घालायला गेलं की गडबड होते.

कारण धावणारी बाई ही चालती भट्टी असते. स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला चौथा-पाचवा हिस्सा प्रत्यक्ष हालचालीत जातो. उरलेली सगळी उष्णता होते. ताशी १० किलोमीटर वेगाने धावताना शरीर स्वस्थ बसलेल्या माणसाच्या सुमारे दहापट ऊर्जा खर्च करतं. म्हणजे पहिली दहा मिनिटं सोडली, तर शरीरापुढे ऊब टिकवण्याची नाही, जास्तीची ऊब बाहेर टाकण्याची अडचण असते. टाळूची त्वचा या कामाला फार सोयीची. थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, टाळूच्या मात्र फारशा आकसत नाहीत. त्यामुळे तिथे उबदार रक्त खेळत राहतं आणि घामही मोकळेपणाने उडून जातो.

त्यावर तुम्ही प्रेमाने विणलेली जाड कानटोपी बसली की ही वाट बंद होते. उष्णता आत कोंडते, घाम येतो, केस भिजतात. सूनबाई ‘उकळतं’ म्हणतात ते हेच. खरा त्रास तर पुढे आहे. धावणं थांबलं की भट्टी मंदावते आणि ओले केस गार पडायला लागतात. घरी पोहोचेपर्यंत हुडहुडी भरते, आणि मग सगळ्यांना वाटतं की टोपी कमी जाड होती.

आता कानच का? कानाची पाळी सोडली तर बाहेरच्या कानात चरबी जवळपास नाहीच. उष्णता निर्माण करणारा स्नायूही नावापुरताच. कूर्चेचा एक पातळ पत्रा, त्याच्या दोन्ही अंगांना पातळ त्वचा, आणि तो पत्रा डोक्यापासून बाहेर काढून वाऱ्यात धरलेला. थंडी वाढली की शरीर रक्त आतल्या अवयवांकडे राखून ठेवतं आणि कान, नाक, बोटं यांचा पुरवठा आखडता घेतं. म्हणून बाकी अंगाला घाम फुटलेला असतानाच कान दुखायला लागतात. एकाच डोक्यावर दोन हवामानं असतात म्हणा ना! वरच्या मजल्यावर उन्हाळा, बाजूच्या दोन गॅलऱ्यांत हिमवर्षाव. हेडबँड दोन्हींची सोय लावतो, आणि नॉर्वेत बर्फावरून लांबलांब घसरत जाणारे स्कीपटू डोक्याला असा पट्टा लावतात तेही याचसाठी.

यात वाऱ्याचा वाटा मोठा आहे. हवा अगदी पडलेली असली तरी ताशी १० किलोमीटरने धावणारा माणूस स्वतःपुरता तेवढा वारा तयार करतो. कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून वापरात असलेल्या हिशेबाप्रमाणे उणे १० अंशांत ताशी १० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला उणे १५ इतकं वाटतं. वारा २० किलोमीटरचा झाला तर उणे १८. सरोवरावरून समोरून वारा येत असेल तर त्यात धावण्याचा वेग आणखी मिळवायचा. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘उणे १८ वाटतं’ म्हणजे कान खरोखर उणे १८ पर्यंत उतरतो असं नव्हे. हवा उणे १० असेल तर कुठलीच वस्तू नुसत्या वाऱ्याने त्याखाली जात नाही. वाऱ्यामुळे त्वचा गार होण्याचा वेग वाढतो, इतकाच त्याचा अर्थ. हा वाटण्याचा आकडा उणे २८ च्या खाली गेला, की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, असा इशारा कॅनडाचं हवामान खातं देतं. टोरांटोत असे दिवस रोज येत नाहीत, पण येतात. त्या दिवशी पट्टा की टोपी हा वाद न घालता घरात धावण्याचं यंत्र गाठावं.

आता तुमचा एवढासा झालेला पट्टा. गुन्हेगार आहे तो ८ हा आकडा.

आपल्याकडच्या राखाडी अॅल्युमिनियमच्या सुयांवर जे नंबर कोरलेले असतात, ते जुन्या ब्रिटिश पद्धतीचे. या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते : ७ नंबर म्हणजे साडेचार मिलिमीटर, ८ म्हणजे ४, १० म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत बरोबर उलटं. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते, आणि त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. तुमची ४ मिलिमीटरची सुई त्यांच्या हिशेबात ६ नंबरची. दोन्हीकडे ‘८’ लिहिलेलं, म्हणून तुम्ही निःशंक मनाने विणायला बसलात, आणि यात तुम्हाला कुणी बोल लावू नये.

ही उलटी मोजदाद विणणाऱ्यांनी काढलेली नाही, ती तार ओढणाऱ्यांकडून आली. धातूची तार बारीक करायची तर ती लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून पुन्हा पुन्हा ओढावी लागते. जितके ओढे जास्त तितकी तार बारीक आणि तितका तिचा नंबर मोठा. विणायच्या सुया तारेपासून झाल्या, तेव्हा तारेचा नंबर त्यांनाही चिकटला. विश्वास बसत नसेल तर जवळच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात डोकावा. तांब्याची तार तिथे आजही याच गेजवर विकली जाते. ८ गेजची तार ४.०६ मिलिमीटर भरते आणि १० गेजची सव्वातीन. तुमच्या सुईच्या डब्याशी ताळा जुळतो. म्हणून परदेशातला नमुना हाती आला की नंबराकडे पाहूच नका, मिलिमीटर शोधा. नमुन्यात तेही नसतील तर १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसायला हवेत, ते कुठेतरी लिहिलेलं असतंच.

एक मिलिमीटरचा हा फरक पट्ट्यावर किती पडतो ते पाहा. ५ मिलिमीटरच्या सुईवर मध्यम जाड लोकरीचे १० सेंटिमीटरमध्ये साधारण १८ टाके बसतात. म्हणजे ८४ टाक्यांचा घेर झाला पावणेसत्तेचाळीस सेंटिमीटर. ४ मिलिमीटरच्या सुईवर, त्या सुईला साजेशा लोकरीचे, त्याच १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसतात. तिथे ८४ टाक्यांचा घेर होतो ३८. डोकं मात्र दोन्हीकडे ५५ सेंटिमीटरचंच राहतं. विणलेला पट्टा डोक्यापेक्षा लहान असावाच लागतो, नाहीतर तो गळ्यात उतरेल. पण १० ते १५ टक्के लहान पुरे. नमुनाकर्त्याने १५ टक्के धरले होते, तुमच्याकडे ते ३० च्या वर गेले.

इथे बहुतेकांना प्रश्न पडतो. लहान पट्टा घट्ट बसायला हवा, मग तो सरकतो कसा? घट्ट आहे म्हणूनच सरकतो. नारळावर रबरबँड चढवून बघा. मधल्या फुगीर भागाच्या जरा वर ठेवलात की तो आपोआप शेंडीकडे पळतो, आणि जितका तंग तितका लवकर. रबराला आखडायचं असतं आणि वरच्या बाजूला घेर कमी होत जातो, म्हणून त्याला तीच वाट सोपी पडते. डोक्याचा सर्वांत मोठा घेर भुवयांच्या किंचित वरून निघून मागच्या उंचवट्यावरून जातो. पट्ट्याचा जास्त भाग या रेषेच्या वर असला की धावण्याच्या प्रत्येक हिसक्याला तो थोडा थोडा वर चढतो. ‘सरकतोय ना, मग अजून दोन टाके कमी करू’ हा उपाय म्हणूनच उलटा पडतो. शिवाय तंग पट्ट्याने कपाळाभोवती दाब पडून डोकं दुखतं. बाहेरच्या दाबाने होणारी डोकेदुखी ही डॉक्टरांच्या यादीतली खरीखुरी डोकेदुखी आहे, तेव्हा सूनबाईंनी तशी तक्रार केली तर तीही खरी माना.

सरकू नये म्हणून पट्ट्याची मागची बाजू डोक्याच्या उंचवट्याखाली, मानेवर केस सुरू होतात तिथपर्यंत उतरायला हवी. तो उंचवटाच त्याला अडवून धरतो. पुढच्या बाजूने पट्टा अरुंद असावा, भुवयांच्या वर सहा-सात सेंटिमीटर पुरेत. कानांवर मात्र नऊ-दहा सेंटिमीटर रुंदी हवी, कारण कानाची उंची सहा-साडेसहा सेंटिमीटर असते आणि वर-खाली थोडी शिल्लक लागते. सूनबाईंचे केस लांब असतील तर पट्टा आधी चढवून पोनीटेल त्याच्या वर बांधायला सांगा. फुकटचा खुंटा मिळतो.

आता सुई बदलायची का? माझं मत विचाराल तर नाही. तुमची ४ मिलिमीटरची सुईच चांगली, बदलायचे ते टाके. लोकर उबदार असते ती धाग्यांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे. स्थिर हवा उष्णता पुढे सरकू देत नाही. पण समोरून वारा घुसला की ती हवा उडून जाते आणि नवी गार हवा आत येते. सैल विणीच्या जाडजूड पट्ट्यातूनही कान गारठतात ते यामुळे. जाडी आणि ऊब एकच, हा समज दुकानातल्या बऱ्याच फुगीर पट्ट्यांना खपवतो. बारीक सुईची वीण दाट येते, वाऱ्याला वाट कमी मिळते. अमेरिकन नमुना त्या बाबतीत थोडा ढिलाच म्हणायचा.

तेव्हा ८४ ऐवजी १०४ टाके घाला. २२ च्या हिशेबाने घेर सव्वासत्तेचाळीस सेंटिमीटर येतो, ५५ च्या डोक्याला नेमका. पण हे २२ माझे आहेत, तुमच्या हाताचे नव्हेत. त्याच लोकरीचा, त्याच सुईवर एक चौकोनी तुकडा आधी विणा, कोमट पाण्यातून काढून वाळवा आणि मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. तुकडा विणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. आख्खा पट्टा उसवण्याचा कंटाळा त्याहून जास्त असतो, एवढं लक्षात ठेवा.

४० सेंटिमीटरची गोल सुई मिळाली तर सगळ्या ओळी सुलटच विणायच्या आणि शिवणही येत नाही. सरळ सुयांवर विणलंत तर एक ओळ सुलट, एक ओळ उलट, आणि जोड मागे मानेवर. वीस सेंटिमीटर उंचीची नळी झाली की ती आतल्या बाजूला दुमडायची आणि सुरुवातीची कड शेवटच्या कडेला जोडून टाकायची. दोन पदरांच्या मध्ये हवेचा तिसरा पदर आपोआप तयार होतो. नमुन्यात दुहेरी पट्टा सांगण्याचं आणखी एक कारण आहे. नुसत्या सुलट विणीचा एकेरी पट्टा कडांना सुरळी होतो, कारण टाक्याचा पुढचा भाग आणि मागचा भाग सारख्या ताणाचे नसतात. नळी मिटून टाकली की सुरळी व्हायला मोकळी कडच उरत नाही. ज्यांना एकेरीच हवा असेल त्यांनी दोन सुलट, दोन उलट विणावं. त्यात दोन्ही बाजूंचे ताण एकमेकांना फिटतात.

टाके घालताना आणि जोडताना हात सैल ठेवा. वीण कितीही ताणली जात असली तरी कड घट्ट असेल तर पट्टा तिच्याइतकाच ताणला जातो. टाके घालायला ६ नंबरची, म्हणजे आपल्या पद्धतीची ५ मिलिमीटरची सुई घेतली की हे आपोआप साधतं. पुढची बाजू अरुंद करायला कपाळाच्या मधोमध सुईदोऱ्याने एक चुणी घाला, एवढं पुरेसं आहे. कानांशी रुंदी तशीच राहते आणि पट्टा दिसतोही बरा.

सरोवराकाठच्या वाऱ्यासाठी आणखी एक युक्ती. जुन्या विंडचीटरच्या कापडाचे तळहाताहून लहान दोन लंबगोल कापा आणि पट्टा मिटण्याआधी दोन पदरांच्या मध्ये, कानांच्या जागी ठेवा. ते चहूबाजूंनी शिवू नका, वरच्या कडेला चारच टाके घाला, नाहीतर ते कापड पट्ट्याला ताणूच देणार नाही. यात एक तोटा आहे. कापडामुळे आवाज दबतो. धावण्याची वाट रहदारीची असेल तर नुसती दुहेरी लोकर बरी, मागून येणारी सायकल ऐकू आली पाहिजे. दोन रंगांची नक्षी विणायची हौस असेल तर तीही कामाची. न वापरलेला रंग मागून नेला जातो, त्यामुळे कापड जाड होतं. फक्त तो मागचा धागा ओढून धरू नका.

राहिली लोकर. आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून मागितल्यावर जे गोळे पुढ्यात येतात, त्यांतले बरेचसे अॅक्रिलिकचे असतात. लेबल वाचा. लेबल हरवलं असेल तर चिमूटभर धागा चिमट्यात धरून सिंकवर जाळून पाहा. मेंढीची लोकर केस जळल्यासारखा वास मारते, ज्योत काढली की विझते आणि तिची राख बोटांनी चुरडते. अॅक्रिलिक वितळतं आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो. हा फरक घाम येणाऱ्या माणसासाठी महत्त्वाचा आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओल वाफेच्या रूपात पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. इतकंच नव्हे, ओल शोषताना ती थोडी उष्णता सोडते. अॅक्रिलिकचा तंतू जेमतेम एक-दोन टक्के ओल शोषतो. बाकीचा घाम तंतूंच्या मधल्या जागेत बसतो, जिथे हवा असायला हवी होती. सुती धागा तर या कामाला अजिबात नको. तो पाणी धरून बसतो आणि वाळायला वेळ लावतो.

लोकर म्हटल्यावर टोचण्याची भीती पुढे येते. ‘मला लोकरीची अॅलर्जी आहे’ असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना टोचत असते ती तंतूची जाडी. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं त्वचेला टोचतात, त्याहून बारीक तंतू वाकून जातात. मेरिनो मेंढीचा तंतू १७ ते २४ मायक्रॉनचा, म्हणून तो कपाळावर सहन होतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर यापेक्षा बरीच भरड. घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही, पाऊस-थंडी दोन्ही झेलते, पण ती कानाला लावून पाच किलोमीटर धावायला सांगणं म्हणजे सासुरवास होईल. मेरिनो महाग वाटली तर आतला पदर मेरिनोचा आणि बाहेरचा साध्या लोकरीचा, अशी वाटणी करा. दुहेरी पट्ट्याला सगळी मिळून १०० ग्रॅम पुरते.

धुण्याची सूचना पट्ट्याबरोबरच पाठवा. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखं घट्ट होतं. ५५ च्या डोक्याचा पट्टा मग बाहुलीच्या कामाचा. कोमट पाणी, रिठा किंवा सौम्य शांपू, पिळणं नाही. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावं आणि सावलीत आडवा पसरून वाळवावा. दोरीवर टांगला तर स्वतःच्याच ओल्या वजनाने तो लांबतो. ज्या लोकरीवर ‘मशीनमध्ये धुता येईल’ असं लिहिलेलं असतं, तिचे खवले आधीच प्रक्रिया करून दाबलेले असतात, म्हणून ती आटत नाही. सूनबाई नोकरी करून धावत असतील तर तीच लोकर घ्या आणि पट्टे दोन विणा. पहिला वाळेपर्यंत दुसरा डोक्याला असतो.

प्रश्न : आमच्याकडे थंडी पाच-सहा अंशांवर येते. वडील पहाटे फिरायला जाताना कानात कापसाचे बोळे घालतात. कानात वारं शिरलं की सर्दी होते असं ते म्हणतात. त्यांना कापसाऐवजी असा पट्टा विणून द्यावा का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : वारं शिरतं तेवढंच शिरतं, पुढे जात नाही. कानाची नळी अडीच सेंटिमीटरची आणि तिच्या टोकाला पडदा. कान आणि घसा जोडणारी वाट आहे खरी, पण ती पडद्याच्या पलीकडे सुरू होते. सर्दी विषाणूंमुळे होते आणि ते नाका-डोळ्यांतून येतात, बाहेरच्या कानातून नव्हे.

तरीही वडिलांना हसू नका. नळीच्या आतली त्वचा फार पातळ आणि नाजूक असते, गार वाऱ्याने तिथे खरोखर ठणका लागतो. कापसाने तो थांबतो, म्हणून ही सवय टिकली. पण बोळ्याने बाहेरचा कान उघडाच राहतो, मळ आत ढकलला जातो, आणि पहाटेच्या अंधारात मागून येणारी दुचाकी ऐकू येत नाही. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो.

पट्टा की टोपी हे त्यांच्या चालीवर ठरवा. रमतगमत, शेकोटीपाशी थांबत, गप्पा मारत फिरणं असेल तर शरीर फारशी उष्णता तयार करत नाही, तिथे कानटोपीच योग्य. डोक्यावर केस विरळ असतील तर नक्कीच. झपझप चालून घाम येत असेल तर पट्टा द्या. निफाडच्या थंडीला आणि चालण्याच्या घामाला अॅक्रिलिकही चालेल, ते लवकर वाळतं आणि धुताना आटत नाही. वडील ऐकण्याचं यंत्र वापरत असतील तर पट्टा एकेरी, सैल आणि दोन सुलट दोन उलट विणीचा करा. यंत्रावर जाड लोकर दाबून बसली की त्याचा आवाज त्यालाच परत ऐकू येतो आणि ते शिट्टी वाजवत राहतं.